मनगटावरचे सव्वीस मीटर

१

तीन आठवडे मी नवऱ्यासाठी डायव्ह कॉम्प्युटर शोधत होते आणि तीन आठवड्यांत मला एवढंच कळलं होतं, की जगात गरजेपेक्षा फार जास्त डायव्ह कॉम्प्युटर आहेत.

ज्यांचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता आहे त्यांच्यासाठी सांगते. आम्ही दोघं हौसेने समुद्रात बुड्या मारतो, पाठीवर हवेची टाकी बांधून. अशा माणसाच्या मनगटावर घड्याळासारखं एक यंत्र असतं. आपण किती खोल आहोत, किती वेळ झाला, अजून किती थांबलं तर चालेल, हे ते सांगतं. पाण्याच्या दाबाखाली श्वासातला वायू अंगात मुरत जातो. घाईने वर आलात तर रक्तात बुडबुडे धरतात आणि माणूस लुळा पडतो, कधी जिवाला मुकतो. म्हणून ते यंत्र म्हणेल तितकं थांबत, सावकाश वर यायचं. काम एवढंच. पण एकाचा पडदा रंगीत तर त्याची बॅटरी रोज भरायला हवी. दुसऱ्याची बॅटरी दोन वर्षं चालते, पण आकडे मुंगीएवढे. तिसरा इतका भित्रा, की गुडघाभर पाण्यातही वर चला वर चला करतो. चौथ्याचं माहितीपत्रक वाचायलाच एक सुट्टी लागावी.

एरवी हे माझ्या वाट्याला आलंच नसतं. मी दाबमापकं तपासण्याचं काम करते. कारखान्यांतून, दवाखान्यांतून यंत्रं आमच्या प्रयोगशाळेत येतात, मी त्यांना खरा दाब दाखवते आणि ती खोटं बोलत असतील तर पकडते. पण डायव्हिंगच्या सामानात माझं कधी काडीचं चाललं नाही. तिथे नवऱ्याचं राज्य. तो इमारतींचे नकाशे काढतो आणि संसारही त्याच बेताने करतो, म्हणजे रेघ न् रेघ तपासून. मोजे घ्यायचे तरी चार दुकानं पालथी घालणार, आणि मी मध्ये बोलले तर तासभर वाद. पाण्यातही तसाच. सगळे नियम पाळून, सगळ्यांच्या शेवटी, सावकाश वर येणार. बोटीवरचे त्याला कासव म्हणतात.

मागच्या खेपेला माझ्या कानाला दडा बसला होता म्हणून मी बोटीवरच बसले. तो गटाबरोबर खाली गेला, बुडालेलं एक मालवाहू जहाज बघायला. सव्वीस मीटरवर आहे ते. नेहमीसारखा शेवटी वर आला. मनगट रिकामं होतं. पट्टा तुटला, म्हणाला.

म्हणून नवीन घ्यायचा. मी म्हटलं, आता महिनाभर डोकं खाणार हा. तर साहेब म्हणतात, "तुला आवडेल तो घे."

आधी मला बरं वाटलं. मग राग आला. माणसाने स्वतःच्या जिवाचं यंत्र असं दुसऱ्याच्या गळ्यात मारावं?

२

सामानाच्या दुकानात दोन बस बदलून जावं लागतं. दुकानदाराला सगळे मास्तर म्हणतात, कारण निम्म्या गावाला बुडी मारायला त्यांनीच शिकवलं. एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे साधी चौकशीसुद्धा भांडण वाटते. त्यांच्या दुकानाची एक रीत आहे. कॉम्प्युटर दोन दिवस घरी न्यायचा, हातावर घालून वावरायचं, बटणं दाबून बघायची. पटला तर ठेवायचा, नाही तर परत. फक्त पाण्यात घालायचा नाही.

पहिला मी मोठ्या आकड्यांचा आणला. चष्मा नसताना वाचता आला पाहिजे, ही माझी पहिली अट. घरी येऊन माझ्या मनगटावर बांधला. पडद्यावर साधं घड्याळ दिसत होतं. जमिनीवर असताना ही यंत्रं घड्याळाचंच काम करतात. बटणं दाबून झाली, पट्टा बरा वाटला, तेव्हा मी तो नवऱ्याकडे नेला.

तो स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसला होता. हेही नवीनच. पूर्वी वाटाणे सोलायला सांगितलं तर आधी वाटाण्यांच्या जातीवर चर्चा व्हायची.

"हात पुढे कर."

त्याने डावा हात पुढे केला. मी पट्टा ओढून बक्कल अडकवलं. पडदा एकदम काळा झाला, मग निळा, आणि यंत्राने बुडी सुरू झाल्याची बारीक शीळ घातली. खोली सव्वीस मीटर. तापमान चौदा अंश. खाली सेकंद पळायला लागले.

"अरे, हे बघ. सव्वीस मीटर पाण्याखाली वाटाणे सोलतोयस तू."

"हं," तो म्हणाला आणि उजव्या हाताने पुढची शेंग उचलली.

मला हसू आलं. एवढ्या किमतीचं यंत्र आणि पहिल्याच दिवशी बिघडलेलं. पट्टा सोडला तसा पडदा पुन्हा घड्याळावर आला. मी तो परत खोक्यात भरून ठेवला आणि माहितीपत्रकावर चिडून बसले.

३

मास्तरांनी तो स्वतःच्या मनगटावर घातला. घड्याळ. नोकराच्या मनगटावर घातला. घड्याळ. मग पाण्याने भरलेल्या चाचणीच्या नळकांड्यात घातला, दट्ट्या दाबून दाब दिला, आणि तो बरोबर बोलला.

"ताई, याला काहीही झालेलं नाही!" ते ओरडले. "हात ओला असेल मिस्टरांचा. ओलं लागलं की याला वाटतं पाणी आलं."

"ओलं लागलं तर बुडी सुरू होईल. सव्वीस मीटरचा दाब कुठून येईल?"

त्यांनी दुसरा दिला, वेगळ्या कंपनीचा. तो माझ्या हातावर घड्याळ आणि नवऱ्याच्या डाव्या हातावर सव्वीस मीटर. उजव्या हातावर बांधला तर घड्याळ. पुन्हा डाव्या, पुन्हा सव्वीस. मी तो परत केला. तिसरा आणला, देखणा, मुंगीएवढ्या आकड्यांचा, खरं तर मला नकोच होता तो. तोही तेच बोलला.

"आता मिस्टरांनाच घेऊन या," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात मला कुजकेपणा ऐकू आला. बाई आहे, दोन बस बदलून येते, दर वेळी तीच तक्रार. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच समजले असते.

नवरा यायला तयार नव्हता. "नको गं," एवढंच. कारण नाही, वाद नाही. मी भांडायला कंबर कसून उभी आणि समोर कुणी नाही, असं घरात वारंवार व्हायला लागलं होतं.

तिसरा मी परत करण्याआधी प्रयोगशाळेत नेला. दाबाच्या भांड्यात ठेवून पाच, दहा, वीस, तीस मीटर करून पाहिला. प्रत्येक ठिकाणी चोख. मग घरी येऊन पुन्हा नवऱ्याच्या हातावर बांधला, आणि या खेपेला चिडचिड बाजूला ठेवून नुसती पाहत बसले.

बिघडलेलं मापक कसं वागतं हे मला पाठ आहे. ते एका आकड्यावर अडकून बसतं, नाही तर हळूहळू एका बाजूला सरकत जातं, नाही तर वेड्यासारख्या उड्या मारतं. हा तिन्हीपैकी काही करत नव्हता. सव्वीसच्या जरा वर जाई, तिथे क्षणभर रेंगाळे, मग जरा खाली येई. पुन्हा वर. पुन्हा खाली. एकसारखं, शांतपणे.

हे मी हजारदा पाहिलं होतं, स्वतःच्याच मनगटावर. पाण्यात तरंगणारा माणूस श्वास घेतो तेव्हा छाती फुगून थोडा वर उचलला जातो, आणि सोडतो तेव्हा थोडा खाली जातो. आकडा श्वासाबरोबर हलतो.

मी नवऱ्याच्या छातीकडे पाहिलं. तो भराभर, उथळ श्वास घेत होता. आकडा त्याच्याशी जुळत नव्हता.

"काढू का आता?" त्याने विचारलं. "हाताला गार लागतं."

४

मी स्वतःला समजावलं. समजावण्यात मी हुशार आहे, तो माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. रक्तवाहिनीची उडी असेल, त्वचेला घाम असेल, मनगटाच्या हाडाची ठेवण वेगळी असेल. तीन कंपन्यांच्या यंत्रांना ती एकाच मनगटावर सापडावी, हेही मी कुठल्या तरी कारणात बसवलं. जे कारणात बसलं नाही त्यावर चिडले. चिडलं की विचार करावा लागत नाही.

पण यंत्र काढल्यावरही घरात गोष्टी दिसत राहिल्या. त्याच्या डाव्या हाताची बोटं. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी पांढरी, सुरकुतलेली. मी म्हटलं, भांडी घासून झाली असतील. हल्ली भांडीही तोच घासायचा, न सांगता. उजव्या हाताची बोटं मात्र कोरडी होती. भांडी काय एका हाताने घासतो?

रविवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला. त्या दर रविवारी करतात, आणि त्यांचा मुलगा त्यांना अर्धा तास तक्रारी सांगतो. कामाच्या, गुडघ्याच्या, माझ्या. त्या दिवशी पाच मिनिटांत त्याने फोन माझ्याकडे दिला.

"काय गं, पुन्हा समुद्रावर गेलात का?"

"नाही आई, घरीच आहोत. हे काय, समोर बसलाय."

"मग तो बोलताना गुडगुड गुडगुड काय येत होतं? मला वाटलं नळ चालू आहे."

मी फोन परत त्याच्याकडे दिला आणि म्हटलं, "उजव्या हातात धर." त्याने धरला. पलीकडून सासूबाई म्हणाल्या ते मला इथे ऐकू आलं, "हां, आता कसं स्वच्छ आलं."

फोन ठेवण्याआधी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. आवाज बारीक करून म्हणाल्या, "त्याला बरं आहे ना? मी विचारलं कसा आहेस, तर म्हणाला, मजेत. अगं, जन्मल्यापासून तो कधी मजेत नव्हता."

मी हसले. पण त्यांचं खरं होतं. मला माझा नवरा किरकिर करताना हवा होता. परत आल्यापासून त्याने एकदाही माझी चूक काढली नव्हती. लग्न झालेल्या बाईला हे सुख वाटावं, असं लोक म्हणतील. लोकांना एक महिना असा माणूस घरी द्यायला पाहिजे.

५

"हा शेवटचा," मास्तर म्हणाले. "हाही नाही पटला तर ताई, तुम्ही सरळ वाळूचं घड्याळ घ्या."

चौथा कॉम्प्युटर सगळ्यांत चांगला होता, आणि मी तो आधीच का आणला नाही म्हणून स्वतःवर वैतागले. आकडे मोठे, उन्हात दिसणारे, बटणं हातमोज्यातून दाबता येणारी. शिवाय तो टाकीतली उरलेली हवाही दाखवतो. त्यासाठी अंगठ्याएवढी एक डबी वेगळी मिळते. ती टाकीच्या नळीला लावायची, मग ती मनगटावरच्या यंत्राला दाब कळवते. ती डबी खोक्यात होती, प्लास्टिकच्या पिशवीत, दुकानाचं सील तसंच. डबी जोडलेली नसेल तर पडद्याच्या त्या कोपऱ्यात दोन रेघा दिसतात. माझ्या हातावर दोन रेघा होत्या.

दुपारची जेवणं झाली होती. नवरा हॉलमध्ये सोफ्यावर मासिक वाचत बसला होता, पाय वर घेऊन. खिडकीतून ऊन आत आलं होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. घाबरावं असं त्या हॉलमध्ये काही नव्हतं, आणि तरी मी दारात थोडी थांबले. मग चिडून पुढे गेले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याच्या मनगटाला भ्यायचं म्हणजे अतीच झालं.

त्याने मासिक उजव्या हातात घेतलं आणि डावा माझ्यापुढे केला, नजर वर न करता. मी पट्टा बांधला.

शीळ. सव्वीस मीटर. चौदा अंश. आणि त्या कोपऱ्यात, जिथे दोन रेघा असायला हव्या होत्या तिथे, हवेचा आकडा. पंचावन्न.

भरलेल्या टाकीत दाबाचे दोनशे बार असतात. पन्नास उरले की माणूस पाण्याच्या वर आलेला असावा, असा शहाण्या लोकांचा नियम आहे. मी खोक्याकडे धावले. डबी पिशवीतच होती, सील न फोडलेलं. आमच्या टाक्या मास्तरांकडे होत्या, रिकाम्या. मी परत आले तेव्हा पडद्यावर चोपन्न होते.

"कुणाची हवा आहे ही?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"काय माहीत," तो म्हणाला आणि पान उलटलं. "यंत्र बिघडलं असेल. तुला आवडेल तो घे."

६

आता खुणांचं सांगायला हवं. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून आम्ही हातांनी बोलतो. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून केलेलं कडं म्हणजे, ठीक? समोरच्याने तसंच कडं करून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर काहीतरी बिनसलंय असं धरून त्याच्याकडे जायचं. इतक्या वर्षांत ही भाषा आमच्या घरात आली होती. पाहुणे उठत नसतील तर मी त्याला अंगठा वर करून दाखवायची. पाण्यात त्याचा अर्थ छान असा नाही, वर चला असा होतो. त्यालाही एक नियम आहे. एकाने अंगठा वर केला की जोडीदाराने तीच खूण उलट करायची, आणि मगच दोघांनी निघायचं. कासव तो नियम इतका पाळायचा, की बाकीचे कंटाळून निघून जायचे आणि हा खाली थांबून जोडीदाराच्या अंगठ्याची वाट बघत बसायचा. त्यावरून बोटीवर त्याची किती थट्टा व्हायची.

परत आल्यापासून त्याने एकही खूण केली नव्हती. माझ्या खुणांकडे तो नुसता बघायचा.

त्या दुपारी मी त्याच्यासमोर उभी होते आणि तो मासिक वाचत होता. माझ्या रागाचा पारा चढला होता आणि रागाच्या तळाशी भीती होती, ती मला नको होती. मी निव्वळ टोमणा म्हणून हात त्याच्या तोंडापुढे नेला आणि कडं केलं. ठीक? चाललंय ना ठीक?

त्याने मासिकातून मान वर केली नाही.

सोफ्याच्या हातावर पडलेला त्याचा डावा हात सावकाश उचलला गेला. अंगठा आणि पहिलं बोट जुळलं.

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे ओळींवरून सरकत होते. ओठांच्या कोपऱ्यात वाचताना येतं तसं हलकं हसू होतं. त्याला त्या हाताचं काहीच कळलं नव्हतं. हात मात्र तसाच होता, कडं केलेला, आणि जरासा वरखाली होत होता.

मी सोफ्यासमोर जमिनीवर बसले. दोन बोटं दुसऱ्या तळव्यावर ठेवली. हवा किती?

हात उघडला. पाच बोटं. मी पडद्याकडे पाहिलं, पन्नास होते. मग बोटं मिटली आणि त्याची मूठ झाली. हवा कमी आहे. आणि मग मुठीतून अंगठा वर आला.

वर येऊ?

तो अंगठा तसाच थांबला होता. नियमाचा माणूस, जोडीदाराने उत्तर दिल्याशिवाय निघणार नाही. किती दिवस तो हा अंगठा वर करून बसला होता, आणि मी दुकानात पट्ट्यांचे रंग बघत होते.

मी रडायला लागले. रडत रडतच अंगठा वर केला.

७

आकडा पंचवीस झाला. मग चोवीस.

तो घाई करत नव्हता. यंत्र वेगाची तक्रार करेल इतकाही वेग त्याने घेतला नाही. वीस. अठरा. हवा चाळीस. हॉलमध्ये ऊन होतं, खाली खुर्च्या सरकत होत्या, आणि आता जवळून, अगदी सोफ्याच्या हातापासून, मला तो आवाज यायला लागला. नळीतून आत ओढलेला श्वास, आणि मग बुडबुडे.

पंधरा. बारा. हवा तीस.

सोफ्यावरच्या माणसाने मासिक मिटलं. ते नीट मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे नीट पाहिलं असेल.

"थांबव त्याला," तो म्हणाला.

दहा. आठ. पाचवर आकडा थांबला आणि यंत्राने पडद्याचा रंग बदलला. वर येण्याआधी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. अंगात मुरलेला वायू निघून जावा म्हणून. खरं तर इतके दिवस खाली राहिलेल्या माणसाला किती थांबावं लागेल, याचा हिशेब त्या यंत्राकडे नव्हता. ते मी पट्टा बांधल्यापासूनचंच जाणत होतं. पण हवा वीस होती. दुसरं काय करता आलं असतं?

"पट्टा सोड," तो म्हणाला. आवाज शांतच होता. "सोडलास की संपेल. उद्या परत करून ये. म्हण, नको कॉम्प्युटर. आपल्याला जायचंच नाही समुद्रावर. मी काही त्रास देतो का तुला?"

"नाही."

"भांडी घासतो. आईशी गोड बोलतो. तू म्हणशील त्याला हो म्हणतो." त्याचा उजवा हात पट्ट्याकडे गेला, पण बकलाला लागताच झटकल्यासारखा मागे आला. पुन्हा गेला, पुन्हा मागे आला. तो स्वतः सोडवू शकत नव्हता. "तो आला की पुन्हा वाद घालेल. तुझ्या प्रत्येक गोष्टीत खोट काढेल. तुला काय पाहिजे अजून?"

"मला भांडायला माणूस पाहिजे," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला इतका संताप आला की दात वाजायला लागले. त्याच्यावर, यंत्रावर, मास्तरांवर, त्या गटावर, जो वर येताना माणसं मोजत नाही. "तू कोण आहेस?"

त्याने यावर विचार केला. खरंच केला, कपाळावर आठी घालून, अगदी कासवासारखा.

"मला खाली फार गार वाटायचं," तो म्हणाला.

थांब्याची शेवटची काही सेकंदं उरली होती. त्याच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं. मला वाटलं घाम आहे. ते हनुवटीवरून मासिकावर पडलं आणि कागद भिजून काळा पडला. मला त्याची दया आली. एवढे दिवस माझ्या घरात जेवला होता तो, माझ्या शेजारी झोपला होता, एकदाही आवाज चढवला नव्हता. आणि मला माझा नवरा परत हवा होता.

यंत्राने शीळ घातली. थांबा संपला. हवा सहा.

सोफ्याच्या हातावरचा तो पांढरा, सुरकुतलेला हात पुन्हा उचलला गेला. मूठ, आणि मुठीतून अंगठा वर. थांबला. बुडबुड्यांचा आवाज थांबला होता. श्वास रोखून धरल्यासारखा.

"नको ना," समोरचा म्हणाला. "अगं. नको ना."

मी अंगठा वर केला.

त्याने डोळे मिटले. खांदे सैल सोडले. मग तोंड उघडून छाती भरून श्वास घेतला, ज्याच्या पाठीला टाकी नाही अशा माणसाने पाण्यात शिरण्याआधी घ्यावा, तसा.